आधी त्यानं उठावं

सावद्याच्या रतिलाल आणि गिरधर या सख्ख्या भावांनी घर, मळा, बैलजोडी सगळं वाटून घेतलं होतं. वाटता आलं नाही ते दोनच : दिल्लीला केळी पाठवायचा धंदा आणि आई. विहिरीवरच्या मोटारीची पाळी आधी कुणाची, यावरून तीन वर्षांपूर्वी जे बोलणं थांबलं ते थांबलंच. पेढी आईच्या खोलीला लागून होती. तिथं समोरासमोर बसून दोघं आईमार्फत बोलत.

"माय, त्याले सांग, आज माल कमी आहे."

'तो' हाताच्या अंतरावर बसलेला असे.

अशानं एकच वॅगन दोघांनी दोन व्यापाऱ्यांना कबूल केली. एकदा नाही, दोनदा. मग कॉम्प्युटर आणायचं ठरलं. पण दोन घेतले तर हिशेब पुन्हा दोन, आणि एक घेतला तर त्याच्यापुढं बसणार कोण? जळगावच्या पिंप्राळ्याचे इंजिनिअर तोताराम यांनी तोडगा काढला. कॉम्प्युटर एकच, त्यातून दोन वायरी, दोन पडदे, दोन कीबोर्ड. दोघांनी आपापल्या टेबलावर एकाच वेळी काम करावं.

"अन् मेन डबा कोनाच्या टेबलावर?" रतिलालनं विचारलं.

"माय, हेच मी इचारनार व्हतो," गिरधर आईकडं बघून म्हणाला.

डबा आईच्या, म्हणजे शेवंताबाईंच्या खोलीत गेला. तोतारामांनी त्यांना लाल बटण दाखवलं. "आई, दोन्हीकडं काम अडलं तर हे दाबायचं, जरा थांबायचं, परत दाबायचं. बस्स." शेवंताबाईंनी डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि हातानं लिहायची बिल्टीबुकं, म्हणजे माल रवाना करायच्या पावत्यांची पुस्तकं, ट्रंकेत घालून कुलूप लावलं. आता बिल्टी मशीनमधूनच निघणार, आणि बिल्टीशिवाय तर एक घड वॅगनमध्ये चढत नाही.

काही दिवस बरे गेले. वैशाखात एका दुपारी रतिलालनं वॅगनची फाईल उघडली, तशीच ठेवली, घरी जाऊन आमरस ओरपला आणि आडवा झाला. तिकडं स्टेशनवर माल उतरला. गिरधर बिल्टी काढायला बसला, तर पडद्यावर इंग्रजीत सूचना : फाईल दुसऱ्याच्या हातात आहे, थांबा.

थांबायला गिरधरची हरकत नव्हती. 'दुसऱ्याच्या हातात' हे झोंबलं. त्यानं शेतकऱ्यांची फाईल उघडली आणि ती अडवून बसला. बिल्टीला दोन्ही फायली लागतात. रतिलाल डोळे चोळत आला, तर त्याच्याही पडद्यावर तेच : थांबा.

"माय, त्याले सांग, फाईल सोड."

"माय, त्याले इचार, आधी कोनी धरली?"

"मी आधी धरली, तं मी आधी काबरं सोडू?"

"आधी धरली, म्हनूनच आधी सोड म्हना!"

तेवढ्यात मुकादम उखर्डू सायकल हाणत आला. "भाऊ, बिल्टी द्या ना! घडाले पिवळं सुटून राह्यलं!"

"त्याले इचार," दोघं एकदमच म्हणाले.

जळगावला फोन लागला. "सोपं आहे," तोताराम म्हणाले, "दोघांपैकी एकानं फाईल बंद करा."

"कोनी?"

"कुणीही."

या 'कुणीही'नं घात केला. तोतारामांना कॉम्प्युटर कळत होता, गिऱ्हाईक कळलं नव्हतं. शेवटी ते स्कूटरवर निघाले.

"माय, जुनं बिल्टीबुक तरी दे."

"किल्ली सापडून नाही राह्यली रे," आतून आवाज आला.

रोज दुपारी इमानानं जाणारी वीजसुद्धा त्या दिवशी गेली नाही. उखर्डू परत आला, तो केळं सोलतच. "भाऊ, गोड आहे."

गिरधरचा तोल गेला. "दादा, ऊठ ना तिथून! सारा माल पिकला!"

"तू ऊठ आधी, गिऱ्या!"

मधे माय नाही, निरोप नाही. मग दोघं थांबेचनात. फाईलवरून गाडी मोटारीवर गेली, मोटारीवरून विहिरीवर, आणि तिथून लहानपणी कुणी कुणाची सायकल मोडली होती तिथवर. मधेच स्टेशनात मालगाडीची शिटी झाली. ती कुणी ऐकली नाही.

तोताराम धुळीनं माखून पोचले, तेव्हा दोघं एकाच टेबलाशी बसून, पिकलेली केळी खात तावातावानं भांडत होते. तोताराम सरळ खोलीत शिरले. शेवंताबाई डब्याशेजारी वाती वळत बसल्या होत्या.

"आई, बटण दाखवलं होतं ना? विसरलात?"

"इसरू कशी भो? हाताशीच तं आहे."

"मग दाबलं का नाही?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. बाहेरून आवाज आला, "पाळी तुले मायनं दिली? इचार तिले!" "तूच इचार!"

"तीन वरसांनी बोलून राह्यले," शेवंताबाई हळूच म्हणाल्या. "मधीच बंद कसं करू?" कमरेला खोचलेली ट्रंकेची किल्ली त्यांनी आणखी आत सरकवली.

तोताराम ओशाळले. "बरं, आता असं करून देतो, की फाईल आपोआप सुटेल. पुन्हा भांडण म्हणून नाही."

शेवंताबाईंनी त्यांच्या हातात एक केळं ठेवलं.

"हे खा," त्या म्हणाल्या, "अन् त्या डब्याले हात लावू नको."