देवराव रुसला नव्हता

मेव्हणीच्या लग्नाच्या सकाळी देवरावाने दुसऱ्या वाढीची बुंदी नको म्हटलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

तसा तो दमूनच आला होता. वणीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो कापूस तोलणारा काटेवाला होता. कापसाचा हंगाम म्हणजे उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत गाड्यांची रांग, आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीवानाशी भांडण. काटा खरा की खोटा, कापूस ओला की सुका, आधी गाडी कोणाची. असे कित्येक हंगाम काढल्यावर देवरावाचा आवाज असा तयार झाला होता, की त्याने घरात मीठ मागितलं तर शेजारच्या घरातून यायचं. राग नाकावर आणि पोटात कायमची जळजळ. शेवटी बायको, इंदूबाई, कंटाळली. जुने ड्रिलमास्तर रामलाल गुरुजी पहाटे शाळेच्या ओसरीवर योगासनं शिकवायचे. तिने नवऱ्याला तिकडे लावून दिलं.

आसनं देवरावाला जमली नाहीत. गुडघे जिनाच्या फाटकासारखे कुरकुरायचे. पण आसनांनंतर गुरुजी जे सांगायचे ते त्याला पटलं. पोटाचे चार भाग करा; दोन अन्नाला, एक पाण्याला, एक हवेला. राग आला की तोंड मिटा, डोळे मिटा, लांब श्वास घ्या. आणि कोणी काही देऊ केलं तरी हात पुढे करू नका. आसनं ओसरीवर करायची असतात, योग घरी करायचा असतो, असं गुरुजींचं म्हणणं. देवरावाने ठरवलं, धाकट्या मेव्हणीच्या लग्नात योग करायचा. कोणाशी भांडायचं नाही. भांडायचं त्राणच अंगात उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता सासऱ्यांचं सांगितलं पाहिजे. नागोराव राळेगावकडच्या त्या गावातले मोठे कार्यकर्ते. धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले जुने देव त्यांनी स्वतः उचलून नदीला पोचवले होते. देव गेले, पण जुन्या रीती मागच्या दाराने येतच होत्या. म्हणून लग्नाच्या आधी त्यांनी सगळ्या वस्तीला बोलावून सांगितलं, की आपल्या मांडवात हुंडा नाही, मानपान नाही आणि रुसवा तर मुळीच नाही. पूर्वी प्रत्येक लग्नात घरचा थोरला जावई हटकून रुसायचा. तोंड फिरवून बसायचा, जेवायचा नाही, बोलायचा नाही, दिलेलं उपरणं परत करायचा, आणि काहीतरी घसघशीत हातात पडलं की मग हसायचा.

"ज्याले रुसाचं असन त्यानं आपल्या घरी रुसावं," नागोराव म्हणाले होते. "माह्या मांडवात नाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावई मंडळींनी जरा हळू वाजवल्या.

तर, बुंदी. सासूबाई तुळसाबाई वाढायला आल्या, तेव्हा देवरावाच्या पोटाचे अन्नाचे दोन्ही भाग भरले होते. त्याने पत्रावळीवर आडवा हात धरला आणि हळू आवाजात पुरे म्हटलं. तुळसाबाई चरकल्या. या जावयाने बुंदी कधी नाकारली नव्हती, आणि हळू तर तो कधीच बोलला नव्हता. त्या तशाच आत गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, की जावई जेवत नाहीत.

नागोराव लगबगीने आले. नेमका तेव्हा मांडवाच्या खांबाला बांधलेला भोंगा देवरावाच्या कानात कोकलत होता. एरवी त्याने भोंगेवाल्याची सात पिढ्यांची खबर घेतली असती. आज त्याने डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. नागोरावांनी काही चुकलं का म्हणून विचारलं. श्वास धरलेला असताना बोलायचं नाही, हा गुरुजींचा दंडक. बऱ्याच वेळाने तो श्वास नाकातून लांबलचक सुस्काऱ्यासारखा बाहेर पडला. नागोरावांनी तो सुस्कारा ओळखला. स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी अस्साच सोडला होता, आणि त्यावर त्यांना शेळी मिळाली होती.

मग देवरावाला घराच्या मागच्या बाजूला नेऊन बसवलं, आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने एक उपरणं आलं. देवरावाने हात जोडून परत केलं. धोतरजोडी आली, तीही परत गेली. त्याने दोनदा सांगितलं, की मी रुसलो नाही. पण रुसलेला माणूस मी रुसलो असं कधी म्हणतो का? नागोरावांनी शेवटी स्वतःची सायकल आणून त्याच्यापुढे उभी केली. याच सायकलवर बसून ते गावोगाव मानपानाविरुद्ध बोलत फिरले होते.

"घ्या, पण कोणाले सांगू नका."

"मले काहीच नको, मामाजी," देवराव म्हणाला, आणि इतका शांत हसला, की नागोरावांना घाम फुटला.

"सायकलीवरबी मानत नाई," ते आत जाऊन तुळसाबाईंना म्हणाले. "आता काय विहीर मागते का काय?"

इंदूबाई तणतणत आली. पहाटेपासून चुलीपुढे राबून तिचा चेहरा उतरला होता.

"काहून असे करून राह्यले?"

"योग करून राह्यलो."

"लग्नात?"

"गुरुजी म्हणतात, घरी करा."

"हे माह्यं माहेर हाये. तुमचं घर वणीले हाये," इंदूबाई म्हणाली. तेवढ्यात तिला भाताच्या चुलीकडून हाक आली आणि ती गेली.

ऊन चढता चढता नवरदेवाकडची मंडळी आली. नवरदेवाचा काका मोठा चाणाक्ष. हात-पाय धुवायला तो मागे गेला, तर डोळे मिटून बसलेला थोरला जावई आणि त्याच्यापुढे उभी केलेली सायकल त्याने पाहिली. त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तो परत येऊन नवरदेवाच्या, मारोतीच्या, कानाला लागला.

त्रिशरण-पंचशीलासाठी सगळे उभे राहिले. मारोती उभा राहिना. त्याने डोळे मिटले होते, तोंड मिटलं होतं, आणि श्वासही लांब लांब चालला होता.

"नवरदेव काही बोलून नाई राह्यला," काका म्हणाला. "थोरल्याले सायकल, मंग आमच्या पोरानं काय वाईट केलं?"

कोणीतरी भोंगा बंद केला. सायकल दिली असं नागोरावांना म्हणता येईना, आणि दिली नाही म्हणावं तर ती मागे उभीच होती. टाळ्या वाजवणारी सगळी वस्ती त्यांच्याकडे पाहत होती. देव नदीला नेताना न डगमगलेला तो माणूस मांडवाचा खांब धरून उभा राहिला. त्रिशरणासाठी मांडवात आलेला देवराव हे सगळं मागच्या खांबापासून पाहत होता, आणि हे आपल्यामुळे झालं हे त्याला कळत होतं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने एक लांब श्वास घेतला.

मग त्याचं लक्ष नवरीकडे गेलं. सत्यशीला पांढऱ्या लुगड्यात, दोन्ही हातांत हार धरून उभी होती. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. देवरावाच्या लग्नात ती एवढीशी होती. ताईला नेऊ नका म्हणून त्याच्या उपरण्याचं टोक धरून तिने भोकाड पसरलं होतं. आता ती रडत नव्हती. हारातली फुलं तेवढी एकेक गळत होती.

देवरावाने दुसरा श्वास घेतला. तो आत गेला खरा, पण बाहेर येताना जिनातल्या काट्यावरचा आवाज घेऊन आला.

"ए नवरदेवा, ऊठ. मी रुसलो नाई. पोट जळते म्हणून कमी खातो, अन् थकलो म्हणून डोये मिटतो. तू कायले मिटले? थे पोरगी मघापासून हार धरून उभी हाये, तिचे हात भरून आले, दिसत नाई तुले? अन् थे सायकल माह्या सासऱ्याची हाये, त्याच्यापाशीच राहीन. ऊठ. नाई त काट्यावर घालून तोलतो तुले, अन् जे वजन भरन थे साऱ्या मांडवाले सांगतो."

काकाने धरायच्या आत मारोती उठला. बिचाऱ्याला रुसायचं नव्हतंच. बसून बसून पायाला मुंग्या आल्या होत्या. पुढचं लग्न बिनबोभाट पार पडलं.

"बोलले बापा, जवाई बोलले," म्हणत तुळसाबाई डोळे पुसत होत्या. आमच्या मांडवात रुसवा नाही, हे आता सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं, असं नागोराव ज्याला त्याला सांगत होते. देवरावापुढे पुन्हा पत्रावळ आली. त्याने पोटाचे चारही भाग बुंदीने भरले, हवेचासुद्धा.

निघताना सत्यशीला त्याच्या पाया पडली.

"भाऊजी, सकाळपासून तुमचा आवाजच नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही माह्या लग्नाले आलेच नाई."

देवरावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परतीच्या एस.टी.त उभं राहायलाही जागा नव्हती. कशीबशी बसायला मिळाली, तर एका माणसाने आपली पत्र्याची ट्रंक नेमकी देवरावाच्या पायावर ठेवली. सवयीने त्याने डोळे मिटायला घेतले.

"नका मिटू," शेजारून इंदूबाई म्हणाली. मांडीवरच्या पिशवीवर डोकं टेकून ती अर्धवट झोपली होती. "पोटाचे चार भाग करता ना, तसे रागाचेबी करा. तीन टाकून द्या. एक ठेवत जा. लागते."

देवरावाने थोडा विचार केला. त्याला ते पटलं. रागाचा फक्त एकच भाग घेऊन, आवाज अगदी बेताचा ठेवून, तो ट्रंकवाल्याला म्हणाला, "भाऊ, पेटी सरकव."

ड्रायव्हरने गाडी थांबवली.