चौसष्ट जीबी आणि चाळीस खुर्च्या

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वैदेहीच्या संगणकाने मेमरी संपल्याचे जाहीर करून चालू काम बंद पाडले. त्या क्षणी, त्याच संगणकाच्या म्हणण्यानुसार, चौसष्टपैकी एकोणतीस जीबी मेमरी रिकामी होती.

सदाशिवरावांनी दोन्ही आकडे वहीत टिपून घेतले. चौतीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे, वहीत न उतरलेली गोष्ट घडली असे ते सहसा मानत नसत. घरातला गीझर, मिक्सर आणि दूधवाला यांना त्या वहीत स्वतंत्र पाने होती.

"बाबा, तिसऱ्यांदा बंद पडलं," वैदेही रडकुंडीला आली होती. "दर वेळी अडुसष्ट टक्क्यांवर."

वैदेही वास्तुविशारद होती. दौलताबादच्या रस्त्यावरच्या एका जुन्या, पायऱ्यांच्या बारवेची दोन हजार चारशे छायाचित्रे काढून तिने ती संगणकाला दिली होती. त्यांतून संगणकाने बारवेची त्रिमितीय प्रतिकृती रचायची होती. पुण्याच्या एका संग्रहालयाने दिलेले तिचे हे पहिलेच स्वतंत्र काम. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर ते काम दुसऱ्याकडे जाणार होते.

"मेमरी कुणी बसवली होती?" सदाशिवरावांनी विचारले.

"सुदर्शननं. औरंगपुऱ्यातल्या संगणक-दुरुस्तीवाल्यानं."

"तरीच. चौसष्ट सांगून बत्तीसच बसवली असणार. वर फक्त आकडा चौसष्टचा."

"अहो, तो कशाला असं करेल?" स्वयंपाकघरातून दमयंतीबाई म्हणाल्या.

"बारावीच्या प्रात्यक्षिकात मी त्याला नापास केलं होतं. एक निरीक्षण गाळलं होतं त्याने."

"त्याला वीस वर्षं झाली!"

"कालावधी हा निर्दोषपणाचा पुरावा होत नाही," असे म्हणून सदाशिवरावांनी संगणकाची पेटी चादरीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन ते रिक्षाने औरंगपुऱ्यात पोचले.

"या सर, बसा," सुदर्शनने स्टूल पुढे केले. "चहा सांगू का?"

"चहा नको. मेमरीच्या पट्ट्या काढ आणि माझ्या डोळ्यांदेखत तपास."

"आधी मशीन चालू करून बघू द्या की. पाच मिंटात कळंल."

"मशीन चालू करायचं नाही. तुझ्या यंत्रात फक्त पट्ट्या तपासायच्या."

सुदर्शनने सुस्कारा टाकला. "बरं. इतक्यात मशीनमधी काही बदललं का, सर?"

सदाशिवरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. मागच्या आठवड्यात डिस्कची पाहणी करताना त्यांना पेज फाइल नावाची साडेनऊ जीबींची एक फाइल आढळली होती. मेमरी कमी पडली तर हाताशी असावी म्हणून संगणक डिस्कवर ही जागा अडवून ठेवतो, हे त्यांनी वाचून घेतले. तीन दिवसांच्या नोंदींत तिचा वापर एक टक्काही आढळला नव्हता. ज्या घरात चौसष्ट जीबी मेमरी आहे तिथे हा उपचार कशाला, असा रास्त विचार करून त्यांनी ती सोमवारी बंद केली होती. पण ती साफसफाई झाली. केर काढण्याला घरातला बदल कोणी म्हणत नाही.

"काहीही बदललेलं नाही," ते म्हणाले आणि वहीतही तसेच लिहिले.

चार तास तपासणी चालली. सदाशिवराव स्टुलावरून हलले नाहीत. पट्ट्या पुरत्या चौसष्ट जीबींच्या होत्या आणि त्यांत एकही दोष निघाला नाही.

"झालं समाधान?"

"तपासणारं यंत्रही तुझंच आहे, सुदर्शन."

"मंग बारावीला शिकवणारे बी तुम्हीच अन् परीक्षक बी तुम्हीच होता की, सर! तवा मी काय म्हनलो का?"

हा युक्तिवाद विषयाला धरून नव्हता, म्हणून सदाशिवरावांनी तो नोंदवला नाही. घरी येताच त्यांनी पेटीच्या सांध्यावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर तारखेसह सही केली. आता कोणी आतले काही बदलले तर कळणार होते.

शनिवारी संशयाची दिशा विजेकडे वळली. दर पंधरा मिनिटांनी दाब मोजण्यात आला. मग वैदेहीच्या खोलीतली वायरिंग संशयास्पद ठरून संगणक स्वयंपाकघरात हलवण्यात आला. तिथे फोडणीची वाफ लागेल म्हणून फोडणीवर बंदी आली. दमयंतीबाईंनी दोन्ही वेळा दहीपोहे केले. अडुसष्ट टक्क्यांवर संगणक दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा बंद पडला.

"बाबा, मी उद्या सुदर्शनदादाला घरी बोलावते," वैदेही म्हणाली.

"संशयिताला घटनास्थळी?"

"तुमच्या वहीसकट तुम्हालाच घटनास्थळावरून हलवायला हवं," दमयंतीबाई म्हणाल्या. "उद्या मी साहेबरावांच्या नातीच्या बारशाला जेवणारे. तुम्ही या नाहीतर राहिलेले पोहे खा."

"मी येणार नाही."

रविवारी साडेबाराला मात्र सदाशिवरावांची भूक सिद्धान्तापेक्षा बलवान ठरली आणि ते कॉलनीच्या सभागृहात पोचले. दारातच कडुबाने त्यांना अडवले. कॉलनीचे कार्यक्रम, मांडणी, पंगत सगळे त्याच्याकडे असे; हिशेब कॉलनीचे अध्यक्ष साहेबराव पाहत.

"जागा नाय, सर."

सदाशिवरावांनी आत नजर टाकली आणि सवयीने मोजले. ऐंशी खुर्च्या होत्या. त्यांतल्या तेहतीस रिकाम्या होत्या.

"या तेहतीस काय आहेत?"

"रुमाल बघा की त्येच्यावर."

खरेच प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर काहीतरी होते. रुमाल, पर्स, पाण्याची बाटली, एके ठिकाणी नुसता चष्म्याचा डबा. पाच रुमालांच्या मधोमध दमयंतीबाई बसल्या होत्या.

"ही कुणाची जागा?" सदाशिवराव त्यांच्याजवळ गेले.

"मेघाची. पलीकडे तिची नणंद, तिची जाऊ, द्वारकाबाई आणि द्वारकाबाईंची सून."

"त्या कुठे आहेत?"

"येतील की."

"पाचही जणी?"

"पाच नाही आल्या तर दोन येतील. मी शब्द दिलाय त्यांना."

"म्हणजे तीन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहणार! मी तोवर बसतो."

"आणि त्या आल्या तर? तुम्ही येणार नाही म्हणाला होतात ना?"

सदाशिवराव तक्रार घेऊन कडुबाकडे परतले. "इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना माणसाला जागा नाही, हा काय कारभार आहे? मागच्या बारशाला नव्हतं असं."

"मागच्याला मागं भाड्याच्या चाळीस घडीच्या खुर्च्या होत्या की, सर! तुम्हीच साहेबरावांना सांगितलं, तीन कार्यक्रमांत एक बी उघडली नाय, वापस करा म्हनून. करून टाकल्या सोमवारी."

"नव्हत्याच उघडल्या! मी मोजलं आहे."

"उघडायची पाळी येतच नाय. पन त्या मागं असल्या की मी बिनघोर म्हनतो, बसा रुमालावर, रुमालवाला आला तर त्याला मागची काढून देतो. अन् तो रुमालवाला काय येत नाय. आता मागं कायच नाय. मंग मी कुनाच्या जिवावर व्हय म्हनू?"

वरणाचा वास येत होता, तरी सदाशिवरावांनी वही काढली. शुक्रवारपासून टिपलेल्या आकड्यांत त्यांनी एक आकडा कडेला छोट्या अक्षरांत लिहून बिनमहत्त्वाचा म्हणून सोडून दिला होता: किती मेमरी देण्याचे कबूल केले आहे, तो. दर वेळी तो चौसष्टला भिडला होता.

ते न जेवता घरी निघाले.

स्वयंपाकघरात सुदर्शन दोन्ही हात खिशांत घालून संगणकापासून चार फुटांवर उभा होता. वैदेही त्याची विनवणी करत होती.

"नाय ताई. सरांची सही हाय त्याच्यावर. सर येऊ द्या."

सदाशिवराव आले, खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर दोन-तीन खिडक्या उघडून त्यांनी एका चौकटीत खूण केली. सुदर्शन मान पुढे काढून पाहत होता.

"पेज फाइल बंद होती? सर, ही कुणी बंद केली?"

"मी."

"कधी?"

"सोमवारी."

"अन् शुक्रवारी मी विचारलं, काही बदललं का..."

"विचारलं होतंस," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

एक वाजून दहा मिनिटांनी काम नव्याने लागले. अडुसष्ट टक्के आले आणि मागे पडले. पाच वाजून सदतीस मिनिटांनी बारव शेवटच्या पायरीपर्यंत पडद्यावर उभी राहिली आणि सहाला आठ मिनिटे असताना पुण्याला पोचली. दमयंतीबाईंनी बारशाहून आणलेली जिलेबी सुदर्शनपुढे ठेवली. मेघा आणि कंपनी आलीच नव्हती.

"सर," जिलेबी संपवून सुदर्शन म्हणाला, "एक निरीक्षण गाळलं तर प्रात्यक्षिकात काय देत होता तुम्ही?"

सदाशिवरावांनी वही उघडली, शुक्रवारच्या पानावरचे "काहीही बदललेले नाही" हे वाक्य एका रेघेने खोडले आणि खाली लिहिले:

"कारण: प्रतिकृती रचणारा प्रोग्रॅम लागेल त्याहून पुष्कळ अधिक मेमरी मागून ठेवतो व तिच्यातली बरीच वापरत नाही. संगणक मात्र मागितलेली सर्व मेमरी देय धरतो आणि पाठीशी जेवढे आहे तेवढेच कबूल करतो. पेज फाइल न वापरताही पाठीशी असते. ती नसल्यास कबुली चौसष्टवर संपते, मेमरी रिकामी असली तरी. पेज फाइल निरीक्षकाने सोमवारी स्वतः बंद केली व नोंद केली नाही. मेमरी, वीज आणि सुदर्शन निर्दोष. सही: सदाशिव."