व्याही उठेनात, शाई सुटेना

भिंगारच्या बाजारात गहिनीनाथाचं छपाईचं दुकान होतं. चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीवर शाई ओतायची, रबराच्या पट्टीनं ओढायची, की खाली पत्रिका तयार. एकाहत्तरच्या वैशाखात त्यानं साऱ्या गावाच्या पत्रिका छापल्या आणि स्वतःच्या लेकीची, अंबिकेची, लग्नाला बारा दिवस उरले तेव्हा हातात घेतली. दहा छापून झाल्या, तोच सुप्याहून व्याही रंगनाथ दारात उभे.

जाळीत शाई तशीच टाकून उठू नये, हे गहिनीनाथाला कळत होतं. पण लेकीच्या सासऱ्याला "थांबा, जाळी पुसून येतो" म्हणणारा बाप अजून जन्मला नव्हता. चहा झाला. गहिनीनाथ उठायला लागला.

"आता जेवायचा आग्रह नका करू," रंगनाथ म्हणाले.

मग तो करावाच लागला. जेवणं झाल्यावर गहिनीनाथ पुन्हा उठला.

"पान आनताय? आना बापडे. तुमचं मन कशाला मोडू?"

व्याही चार वाजता गेले. जाळीतल्या शाईचा दगड झाला होता.

मालनबाईनं स्टोमधलं रॉकेल काढून नवऱ्याला दिलं. घासून घासून शाईला नुसती चकाकी आली. मग त्यानं थिनर ओतला. शाई सुटली, आणि तिच्याबरोबर जाळीला चिकटवलेला अक्षरांचा साचाही सुटला. तारीख गेली, मुहूर्त गेला, नवरा-नवरी दोघंही चिंधीवर आले.

"आता अक्षरं कोन कापनार?" मालनबाईनं विचारलं. साचा कापून देणारा लष्करातला पेंटर परवाच बदली होऊन गेला होता.

"बगू कुनीतरी."

"कुनीतरी म्हंजी सोनईचं भावजीच की."

गहिनीनाथाचा धाकटा भाऊ भिमाजी सोनईला पाट्या रंगवायचा. त्याच्यासारखं अक्षर तालुक्यात नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी पोळ्याला, बैलाच्या शिंगांना लाल द्यायचा का हिरवा, यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं होतं. पत्रिकेत निमंत्रकांची आठ नावं होती. चुलत्याचं नव्हतं. त्यावरून अंबिका महिनाभर बापाशी हो-नाहीपुरतंच बोलत होती.

सकाळच्या एसटीत गहिनीनाथ चौकट मांडीवर घेऊन बसला.

"खिडकी घिऊन कुटं निगालात?" कंडक्टर म्हणाला. "गाडीला हायत की."

भिमाजी अंगणात पाटी रंगवत होता. "या पाव्हणं," तो म्हणाला. सख्ख्या भावाला.

"अक्षरं कापायचीत. अंबीची पत्रिका."

भिमाजीनं मजकूर घेतला. नावांपाशी जरा जास्तच वेळ थांबला. गहिनीनाथ कोंबड्यांकडं बघत राहिला. मग भिमाजीनं सुरी घेतली आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. साचा पुढं ठेवून एवढंच म्हणाला, "नावाखाली एका वळीची जागा ठिवलीय. कापलेली न्हाई. तशीच ऱ्हायली तरी पत्रिका वाईट दिसनार न्हाई."

गहिनीनाथानं त्या जागेवरून बोट फिरवलं.

"सुरी दे."

"तुला कापता येत न्हाई."

"ठावं हाय. तू बोलू नको."

गहिनीनाथानं जीभ दातात धरून कापायला घेतलं. तासभर भिमाजीचे हात शिवशिवत होते, पण त्यानं ते काखेत दाबून ठेवले.

पत्रिका छापली तेव्हा आठ नावं ताठ उभी होती आणि नववं बैलगाडीतून पडल्यासारखं दिसत होतं.

लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडातल्या एका मास्तरांनी पत्रिका उघडली. "एवढं भिमाजी नाव कुना अडान्यानं कापलं वो?"

"आमच्या दादानं," बुंदी वाढणारा भिमाजी म्हणाला, आणि मास्तरांचं पान सोडून पुढं सरकला.