एकशे सतरा खुर्च्या

भिंत नाही, दार नाही, खिळा नाही, कुलूप नाही, तरी आत शिरलेला माणूस तासभर बाहेर येत नाही, असं वस्तुसंग्रहालय मी एकट्याने उभं केलं आहे. हे वाक्य मी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा म्हणताना बायको मागे उभी होती.

"एकट्याने केलंत ना? मग निस्तरायलाही एकटेच जा."

बायकोला दूरचं दिसतं.

मी नगरपालिकेच्या वाचनालयात सहायक. तात्पुरता. अकरा वर्षं तात्पुरता. माझ्यादेखत अंगणात रोप लागलं, रोपाचं झाड झालं, झाडावर पाखरं आली, पाखरांची पिल्लं उडून गेली. मी आपला तात्पुरताच. अशात मुख्याधिकारी मॅडमनी बोलावून सांगितलं, "आपल्या पहिल्या नगराध्यक्षांचं इंटरनेटवर संग्रहालय करायचंय. लोकांचा सहभाग हवा. उद्घाटनाला अध्यक्षांची लेक येणार आहे. त्यांना पटलं, तर तुम्हाला कायम करायच्या फाइलीवर त्याच दिवशी सही करते."

अध्यक्षांना जाऊन साठ वर्षं झालेली. वाचनालयात त्यांची तसबीर आहे. शिंक येता येता राहिल्यासारखा चेहरा. एवढ्या भांडवलावर मी कामाला लागलो. कुणीही घरातल्या वस्तूचा फोटो टाकावा, खाली आठवण लिहावी. दहा जणांनी 'खरं आहे' हे बटण दाबलं की वस्तू आपोआप दालनात जाणार. लोकांचा माणूस, लोकांची आठवण, तपासायचं लोकांनीच. माझ्या डोक्याला ताप नको.

आठ दिवसांत एकच फोटो आला. तो कुणाच्या तरी अंगठ्याचा होता.

म्हटलं, बोहनी आपणच करावी. आत्याकडे गेलो. ओसरीवर तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, लाकडी आरामखुर्ची होती.

"आत्या, अध्यक्ष आपल्या घरी आले होते ना?"

"आले होते की. मतं मागायला."

"या खुर्चीत बसले?"

"छे रे. माझ्या बापाने बसू दिलं तर ना."

आता 'बसले नाहीत' अशा खुर्चीला कोण विचारणार? मी फोटो काढला आणि लिहिलं, 'या खुर्चीत अध्यक्ष बसले होते.' एका शब्दाचा तर फरक. दहा बटणं आमच्याच चुलत-मावस भावंडांनी दाबली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची खुर्ची आली. अध्यक्ष त्यांच्याकडे येतात आणि आमच्याकडे येत नाहीत म्हणजे काय? मग त्यांच्या शेजारच्यांची आली. तू माझ्या खुर्चीला खरं म्हण, मी तुझ्या खुर्चीला खरं म्हणतो. पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशा खुर्च्या उगवल्या. वेताच्या, घडीच्या, तीन पायांच्या. न्हाव्याने दुकानातली फिरती खुर्ची टाकली. एका रिक्षावाल्याने प्लास्टिकची टाकली. अध्यक्ष गेले तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. पण दहा जणांनी तिलाही खरं म्हटलं. उद्घाटनापर्यंत आकडा एकशे सतरावर गेला.

बायको मोबाइलवर पाहत होती. "अहो, हा माणूस कधी चाललाबिलला होता की नाही?"

"लोकसहभाग म्हणतात याला," मी म्हणालो.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत पडदा लावला. पुढच्या रांगांत सगळे खुर्चीमालक. मॅडमच्या काखेत माझी फाइल. अध्यक्षांची लेक आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बारीक, कापसासारखी हलकी बाई. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर खुर्च्या सरकू लागल्या. एक, दोन, दहा, चाळीस. साठाव्या खुर्चीला तिने हात वर केला. मी चित्र थांबवलं.

"बाबा एवढे बसायचे?"

ती पडद्यावरून आमच्याकडे वळली.

"घरी सांगायचे, गावासाठी वणवण करतोय. आई ताट झाकून वाट बघायची. शेवटी वैतागून म्हणायची, हा माणूस कुठेतरी निवांत बसलेला असतो. आम्ही तिलाच रागवायचो." तिने चष्मा पुसला. "आईचं खरं होतं म्हणायचं."

मॅडमनी फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. गप्प बसावं तर बाईचा बाप आळशी ठरतो, बोलावं तर मी खोटारडा ठरतो. त्या कापसासारख्या बाईकडे पाहिलं आणि उठलो.

"ताई, पहिली खुर्ची मी टाकली. ते तिच्यात बसले नव्हते."

"बसतील कसे?" मागून आत्याचा आवाज. "माझ्या बापाने तासभर दारात उभं केलं होतं. नळाला पाणी का नाही, ते आधी सांगा म्हणाला."

न्हावी खाकरला. "आमच्याकडेही बसले नाहीत तसे. आमचा आजा म्हणाला, गिऱ्हाईक आहे, उभ्यानेच ऐका. गटाराचं सगळं ऐकवलं."

"आमच्याकडे फाटकाबाहेर. उन्हात."

"तुम्ही निदान फाटकापर्यंत तरी येऊ दिलंत," प्लास्टिकवाला म्हणाला. "आमच्या आजोबांनी दारच उघडलं नाही. खिडकीतून बोलले."

सगळ्यांनी त्याच्याकडे हेव्याने पाहिलं.

बाई ऐकत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "रोज संध्याकाळी बाबांचे पाय सुजलेले असायचे. मी चेपायचे. विचारलं तर म्हणायचे, कामं असतात. तुमच्या दारात उभे होते होय!"

मग पुढच्या रांगांनी मोबाइल काढले. ज्याने त्याने आपली खुर्ची काढली आणि त्या जागी उंबरा टाकला, फाटक टाकलं, खिडकी टाकली. 'इथे आमच्या आजोबांनी अध्यक्षांना पाऊण तास ताटकळत ठेवलं.' लेकीने प्रत्येकाला स्वतः 'खरं आहे' म्हटलं आणि जाताना माझा हात हातात घेतला. "हे बाबा माझ्या ओळखीचे आहेत."

मॅडमनी फाइल उघडली. पेनाचं टोपण काढलं. थोडा विचार केला आणि परत लावलं.

"त्यांना पटलं, उत्तम झालं. पण उद्या कुणी म्हणालं, आमची खुर्ची पालिकेने परस्पर काढली, तर? एकशे सतरा घरांतून लेखी आणा, बदल राजीखुशीने केला म्हणून. मग लगेच सही."

तेच चालू आहे. आतापर्यंत एकोणतीस घरं झाली. सही सगळे देतात, पण आधी नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा, सगळं ऐकवून. मी सांगतो, अहो, मी वाचनालयातला, तोही तात्पुरता. ते म्हणतात, आधी ऐकून घ्या.

काल एका घरी आजींनी मायेने खुर्ची पुढे केली. मी टेकणार, एवढ्यात त्यांच्या नातीने फोटोसाठी मोबाइल वर धरला.

म्हटलं, राहू द्या आजी, मी उभाच बरा आहे.