आकाश आलंय, वर या

आमच्या इमारतीत संध्याकाळी बेल वाजली की ती कुरिअरवाल्याची की गावडेकाकांची, हे लगेच कळतं. कुरिअरवाला एकदा वाजवून थांबतो. काका दार उघडेपर्यंत बटणावरून बोट काढत नाहीत. दारात उभे असतात ते एकाच पायात चप्पल घालून, धापा टाकत. म्हणतात, "गॅस बंद करा, वर या. आकाश आलंय!"

जसं काही ते एरवी विरारला राहतं आणि आजच आमच्या गोखिवऱ्यात पाहुणं म्हणून उतरलंय.

"काका, आकाश काल पण होतं," मी एकदा म्हणालो.

"होतं रे. पण असं नटलेलं नव्हतं!" म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं. मी दाढी करत होतो. तोंडाला फेस तसाच ठेवून गच्चीवर गेलो, तर वर अर्धी इमारत जमलेली. कोणाच्या हातात लाटणं, कोणाच्या पाठीला दप्तर, आणि सगळ्यांच्या माना वर. आकाश पिकल्या आंब्यासारखं केशरी झालं होतं. दाढी राहिली ती राहिलीच.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. मुंबईत एका कंपनीच्या तळघरातल्या गोदामात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे ट्यूबलाइट हाच सूर्य. निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी मान जी वर केली, ती खाली घ्यायचं नाव नाही. त्यांच्या मागून चालणं धोक्याचं, कारण ते भर रस्त्यात अचानक थांबतात. एकदा एक रिक्षावाला खवळला, "ओ काका, मरायचंय काय?"

"आधी ते बगळे बघ, मग शिव्या दे," काका म्हणाले. त्याने बगळे बघितले आणि शिव्या द्यायच्या विसरून गेला.

आमची सहल राजोडीला गेली, तेव्हा सगळे समुद्राबरोबर सेल्फी काढण्यात दंग आणि काका वाळूत उताणे. बोंबील वाळत घालणारी एक मावशी धावत आली. "अरे, काय झाला यांना? पानी आना कोनीतरी!" काकांनी तिलाच शेजारी बसवून ढग दाखवले. निघताना तिने त्यांच्या पिशवीत बोंबील कोंबले.

आणि अशा माणसाच्या आकाशावर पत्रे घालायची वेळ माझ्यावर आली.

आमच्या भागात इमारत जुनी झाली की गच्चीवर पत्र्याची शेड चढते. पावसाळ्यात वरचा मजला गळतो, त्याला तोच इलाज. वरच्या मजल्यावर घरं दोन, काकांचं आणि पाटलांचं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मी विषय काढला. ज्यांचं घर सगळ्यांत जास्त गळतं ते काकाच आडवे आले. "गळू दे! घर माझं, बादल्या माझ्या. तुला काय त्रास?" चारही बाजूंना उंच टॉवर उभे राहिलेत. आमच्या वाट्याचं आकाश उरलंय ते फक्त गच्चीच्या डोक्यावर. तेही जाणार म्हणून म्हातारा हट्टाला पेटला आणि माझ्याशी बोलणं बंद.

शेवटी गच्चीवरच बैठक बोलावली. पाटलांची स्नेहल बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली. "काका, मागच्या पावसात छताचा पोपडा पाळण्यात पडला. हिचा खोकला अजून जात नाही हो."

काका उठले. झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून त्यांनी हळूच हात फिरवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "घाला पत्रे. पावसाच्या आधी घाला."

बैठक संपली. मी खुर्च्या आवरत होतो. काका कठड्याला टेकून उभे होते.

"अरे, तुझी काकू गेल्यावर मी लोकांना चहाला बोलावून बघितलं," ते म्हणाले. "सगळे म्हणतात, येऊ की एकदा. येत कोणी नाही. आकाशाचं नाव काढलं की मात्र धावत येतात. आता कशाचं नाव काढू?"

इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हाकेला वर जात होतो, पण जाता-येता त्यांच्या दारात कधी थांबलो नव्हतो. घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं.

मे महिन्यात शेड उभी राहिली. त्याच संध्याकाळी बायकोने कांदाभज्यांचं ताट उचललं आणि मला म्हणाली, "चला." बाळाला फिरवून परतणारी स्नेहल जिन्यात सामील झाली. खालच्या मजल्यावरचे, एवढे सगळे कुठे निघाले म्हणून मागे आले. काकांनी दार उघडलं आणि गर्दी बघून गोंधळलेच.

"अहो, पण आज दाखवायला माझ्याकडे काही नाही."

"चहा तर आहे ना?" म्हणत बायको आत शिरली.

खुर्च्या पुरेनात म्हणून लोक पलंगावर, मग फरशीवर बसले. कपही पुरेनात. काका स्टुलावर चढले आणि त्यांनी माळ्यावरून काकूंच्या ठेवणीतल्या कपांचा खोका काढला. मोरीत एकेक कप विसळताना ते मोठ्याने विचारत होते, "साखर कोणाला किती? आणि घाईत कोणी नाही ना?"