आपट्याचे सतरा वाचक

सोमवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी प्राध्यापिका आशालता निमकर यांना निवड समितीचं पत्र आलं. पत्र तीन ओळींचं होतं. बढतीची मुलाखत बुधवारी सकाळी अकरा वाजता ऑनलाइन होईल. शोधनिबंधात उल्लेख असलेल्या आपटा गावच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना त्या वेळी हजर ठेवावं. समिती त्यांच्याशी बोलू इच्छिते.

आशालताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. पनवेलच्या इमारतींच्या मागे कर्नाळ्याचा सुळका धुरकट उन्हात तरंगत होता. त्याच्या पलीकडे कुठेतरी पाताळगंगा, आणि पाताळगंगेच्या काठावर त्यांची सतरा मुलं.

पंधरा वर्षं त्यांनी एकाच प्रश्नाला दिली होती. ऑनलाइन परीक्षा झाल्यावर विद्यार्थ्याला जो अभिप्राय जातो, तो विद्यार्थी वाचतो का? त्यासाठी त्यांनी एक प्रणाली तयार करून घेतली होती. विद्यार्थ्याने उत्तर पाठवलं की प्रणाली ते तपासायची, गुण द्यायची आणि चार-पाच वाक्यांचा अभिप्राय स्वतःच रचून, खाली बाईंचं नाव आणि 'पनवेल' घालून, त्याच्या मोबाइलवर पाठवायची. तो कधी उघडला, किती वेळा उघडला, याची नोंद व्हायची. पनवेलची मुलं शंभरातले नऊ अभिप्राय उघडत. उरणची अकरा. आपट्याची सतरा मुलं मात्र सगळेच्या सगळे उघडत, तेही पाच मिनिटांच्या आत, आणि प्रत्येक अभिप्राय सरासरी तीनदा.

या 'तीनदा'वर आशालताबाईंचं नाव झालं होतं. त्यांनी त्याला 'त्रिस्तरीय चिंतन' म्हटलं होतं. आपल्या निबंधात त्यांनी लिहिलं होतं की नदीकाठच्या निवांतपणामुळे वाचन मनात मुरत असावं. आपट्याला त्या कधी गेल्या नव्हत्या. ती मुलं रसायनीकडच्या कॉलेजात शिकत, तिथे फक्त प्रणाली पोचली होती. पण डोळे मिटले की बाईंना ती दिसत. झाडाच्या सावलीत बसलेली, पाय पाण्यात सोडलेली, हातात मोबाइल. एकेक ओळ वाचून पाण्याकडे बघणारी. गुण मात्र त्यांचे वाढत नव्हते. निबंधात त्याचंही उत्तर होतं. परिणाम सावकाश होतो.

त्यांनी यादी उघडली. संशोधनाच्या नियमाप्रमाणे मुलांचे मोबाइल क्रमांक झाकलेले होते. नावापुढचं फोनचं चिन्ह दाबायचं, एवढंच. त्यांनी 'किशोरी' या नावापुढचं चिन्ह दाबलं.

"कोन बोलतंय?" पलीकडे एक वयस्क, खणखणीत आवाज.

"मी प्राध्यापिका निमकर, पनवेलहून. किशोरी आहे का?"

"नाय. ती कालेजात गेली. काय निरोप हाय का?"

"नको, नंतर करते." आजोबा असावेत, असं मनाशी म्हणत बाईंनी 'हृतिक'समोरचं चिन्ह दाबलं.

"हां, बोला मॅडम."

"हृतिक आहे का?"

"तो पन कालेजात."

"तुम्ही त्याचेही आजोबा का?"

"नाय. त्याचा आजा वरच्या आळीत. मी बुधाजी."

तिसऱ्या नावावर बुधाजी होते. चौथ्यावरही होते. पाचव्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक एक करून सगल्यांना शोधताव का? मंग बसून बोला, मी खाट टाकतो."

बाईंनी रसायनीच्या कॉलेजातल्या देवेशला फोन लावला. प्रवेशाचं काम तो बघायचा.

"सतरा विद्यार्थी आणि एकच मोबाइल? हे कसं चाललं?"

"मॅडम, ओटीपी यायला रेंज लागते. आपट्यात त्या आठवड्यात फक्त बुधाजींच्या गच्चीवर होती. सगळ्यांचे फॉर्म तिथेच भरले, त्यांचाच नंबर टाकून. सिस्टीमने एकदाही नाही म्हटलं नाही, मग मी कशाला म्हणू?"

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या एसटीने आशालताबाई आपट्याला उतरल्या. बुधाजी घरत ओटीवरच होते. अडुसष्ट वर्षांचे, पांढरा सदरा, खिशात चष्मा. कारखान्यातली नोकरी संपवून आता भातशेती बघत होते.

"वेणू, मॅडम आल्या गो! सूचनावाल्या मॅडम!"

आतून वेणूबाई पदर सावरत आल्या आणि त्यांनी पाहुणीला नीट न्याहाळलं. "ह्याच का? मना वाटला, म्हातारी आसल. एवढं बोलताव तुमी."

"ते अभिप्राय तुम्ही वाचता?" आशालताबाईंनी बुधाजींना विचारलं.

"वाचतो म्हंजे? पयले बिगर चष्म्याचं. काय समजत नाय. मंग चष्मा लावून. मंग हिला मोठ्यानं वाचून दावतो."

त्रिस्तरीय चिंतन ओटीवर असं समोर उभं राहिलं. आशालताबाईंनी पाणी मागितलं.

"पण काका, ते विद्यार्थ्यांसाठी होते. वर 'प्रिय विद्यार्थी' असं लिहिलेलं असतं."

"आसतं ना. मला वाटलं, मॅडमची रीत आसल. या वयात कोन म्हनतंय? बरं वाटलं."

"बरं वाटलं म्हने!" वेणूबाई म्हणाल्या. "पयल्या दिसा 'मांडणी विस्कळीत आहे' आसा आल्ता. दोन दिस धड जेवला नाय मानूस. मना इचारतो, माझी मांडणी कशी हाय? मी बोलली, लगीन झाल्यापासना आशीच हाय."

"पन सतरा-सतरा येतात, मॅडम," बुधाजी मन लावून सांगू लागले. "एकात थोडक्यात लिहा, दुसऱ्यात सविस्तर लिहा. मंग मी वाटून टाकलं. ग्रामसभेत थोडक्यात बोलतो, घरात सविस्तर."

"त्योच तर तरास हाय," वेणूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

बुधाजींनी आवाज उतरवला. "गेल्या दिवालीला एक सूचना आली. 'विरुद्ध बाजूचाही विचार करा.' ती मी तीनदा नाय, धा वेला वाचली. माझा सख्खा भाव दयाराम, बांधावरून नऊ वर्सं आमचं बोलनं नव्हतं. मी उठलो न त्याच्या दारात जाऊन उभा रायलो. तो बोलला, तुला हे कोनी शिकवलं? मी बोललो, पनवेलच्या मॅडमनी."

पंधरा वर्षांत कुणी त्यांच्या कामाबद्दल असं काही सांगितलं नव्हतं. ज्याने सांगितलं, तो त्यांच्या कामात कुठे बसतच नव्हता.

दुपारी किशोरी आणि हृतिक कॉलेजातून आले.

"फीडबॅक?" किशोरीने विचारलं. "तोपण असतो? आम्ही पोर्टलवर मार्क बघतो. पास झालो की बंद."

हृतिकला मुलाखतीचं कळल्यावर त्याने लगेच तोड काढली. "मॅडम, टेन्शनच नका घेऊ. उद्या आम्ही सांगतो, रोज वाचतो म्हणून. तीनदा ना? किशोरी, तू पण तीनदाच सांग. चारदा बोलू नको."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. उजवीकडून पाताळगंगा बरोबर चालली होती, सावकाश, काही ठिकाणी नुसती चकाकी. त्यांनी डोळे मिटले. झाडाखालची मुलं एकेक करून उठत होती, पाय पुसत होती, निघून जात होती. शेवटी काठावर एकच माणूस उरला. तो खिशात चष्मा शोधत होता. हृतिकचं ऐकलं तर उद्या त्या बढती घेऊन उठणार होत्या. समितीला काही कळायचं कारण नव्हतं. एसटी पनवेलला लागली तेव्हा कंडक्टरला त्यांना दोनदा हाक मारावी लागली.

बुधवारी अकरा वाजता समितीचे तीन चेहरे पडद्यावर आले. अकरा वाजून चार मिनिटांनी आशालताबाईंनी सगळं सांगून टाकलं.

अध्यक्ष डॉ. उदयसिंह जगदाळे यांनी चष्मा काढला. "म्हणजे सतरा विद्यार्थी म्हणजे एक गृहस्थ?"

"हो."

"ते आपले विद्यार्थी आहेत?"

"नाहीत."

"त्यांनी कोणती परीक्षा दिली होती?"

"कोणतीच नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुसून परत लावला. मग समितीतल्या डॉ. हेतल शहा म्हणाल्या, "पण सर, त्यांनी वाचलं ना! मी वीस वर्षं कमेंट्स लिहितेय. मुलं मार्क बघतात आणि पेपरची होडी करतात. मला त्यांना बघायचंय."

बाईंनी सांगून ठेवल्याप्रमाणे बुधाजी गच्चीवर तयारच होते. इस्त्रीचा सदरा, मागे आभाळ आणि वाळत घातलेलं लुगडं. मध्येच एक विमान गेलं, तेव्हा सगळेच थांबले.

"घरत," अध्यक्ष म्हणाले, "या अभिप्रायांमुळे तुमच्यात काही बदल झाला असं तुम्ही म्हणता. तो नेमका कशामुळे झाला?"

बुधाजींनी विचार केला. "साहेब, लिवून दिलं तर चालल का? तोंडी बोललो का मुद्दे सुटतात."

डॉ. शहा हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. "चालेल. सोमवारी दुपारी बारापर्यंत पाठवा. निमकर मॅडम, तुमच्या सगळ्या कामाचा आता हा एकच पुरावा आहे. त्यांचं उत्तर वाचूनच आम्ही निर्णय देऊ. त्यांना कुणीही मदत करायची नाही, हे लक्षात ठेवा."

शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता आशालताबाईंच्या मोबाइलवर दोन फोटो आले. वहीचं दीड पान, निळी शाई, रेघ सोडून लिहिलेलं. मुद्दे क्रमाने होते. दयारामचा बांध होता, ग्रामसभा होती, विरुद्ध बाजू म्हणून वेणूबाईंची तक्रारही होती. बाईंनी ते आधी घाईने वाचलं, मग सावकाश. विस्कळीत असं काही सापडेना. पंधरा वर्षांत एवढं नीट उत्तर त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग शेवटचा परिच्छेद आला.

"बदल कशामुळे झाला याचे कारण एकच. मॅडम सतरा-सतरा सूचना स्वतः हाताने लिहीत होत्या. एवढा शिकलेला माणूस आपल्यासारख्यासाठी रोज बसतो, विचार करून लिहितो, तर आपण ऐकले पाहिजे, असे मला वाटले. यंत्राने पाठवले असते तर मी वाचलेही नसते."

त्याखाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, "मॅडम, कच्चे पाठवनार नाय. तुमची सूचना आली का मंग साहेबांना देतो."

आजवरची एकही सूचना त्यांच्या हातची नव्हती, आणि आता हातची द्यायला समितीची बंदी होती. आशालताबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. खिडकीबाहेर सुळक्यावरचं ऊन उतरत गेलं आणि त्याची कड आभाळात विरघळायला लागली.

पाच वाजून दहा मिनिटांनी बुधाजींचा फोन येऊन गेला. पावणेसहाला पुन्हा आला. सहा वाजेपर्यंत बाईंकडून आपट्याला काहीही गेलेलं नव्हतं. मुदत सोमवारी दुपारी बाराची आहे.