टेबलाला झगा नको

हे मी सांगता कामा नये. गोष्ट बाबांच्या ऑफिसात पोचली तर ऑफिस हसेल आणि काकांपर्यंत पोचली तर काका हसणार नाहीत, म्हणून बाबांनी मला तशी ताकीदच दिली आहे. आई एवढंच म्हणाली, "सांगायचं तर नीट सांग. अर्धवट सोडू नकोस." म्हणून नीट सांगते.

बाबा वजनं-मापं तपासायच्या खात्यात आहेत. दुकानदाराचा काटा, लिटरचं माप, कापडवाल्याची मीटरची पट्टी, सगळं बघायचं आणि बरोबर असेल तर त्यावर हातोडीने शिक्का ठोकायचा, हे त्यांचं काम. "खोटं माप म्हणजे चोरी," हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं सगळ्यात पडतं. मी एकदा दुधाचा पेला काठाच्या थोडा खाली भरला, तेव्हाही ते पडलं होतं.

त्या सुट्टीत मोठे काका आणि काकू आमच्याकडे जेवायला येणार होते. साधं जेवण, पण बाबा आठवडाभर आधीपासूनच घरात येरझारा घालत होते, आणि त्याला कारण आमचं टेबल होतं.

टेबल आजोबांचं. लांबलचक, जाड लाकडाचं. भाऊ वेगळे झाले तेव्हा काकांच्या घरी जागा नव्हती, म्हणून ते म्हणाले होते, "सध्या तुझ्याकडे राहू दे. नीट सांभाळशील तोवर तुझंच समज." (काकांचं देणं हे असं असतं. देतात आणि मूठ मिटून घेतात.) आता काकांनी मोठं घर घेतलं होतं. आणि आमच्याकडे त्या टेबलावर आई कापड कापते. ती शेजारपाजारचे कपडे शिवते, आणि तिची पाठ दुखते तेव्हा ती म्हणते, "टेबल आहे म्हणून उभी तरी आहे."

टेबल 'नीट सांभाळलं' असं मात्र म्हणता येणार नव्हतं. एका टोकाला आईच्या कात्रीचे चरे होते. दुसऱ्या टोकाला, अगदी कडेला, इस्त्रीचा काळा डाग होता. बाबा एकदा ऑफिसच्या शर्टाला इस्त्री करता करता वरच्या मजल्यावरच्यांशी पाण्याच्या टाकीवरून भांडायला गॅलरीत गेले होते. भांडण ते जिंकले.

"टेबलक्लॉथ टाकू," बाबांनी जाहीर केलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी घेते माप," आई म्हणाली.

"तू? माप? कोणाला शिकवतेस!" असं म्हणून बाबांनी तिच्या मशीनच्या खणातली टेप काढली, एक टोक मला धरायला दिलं आणि अंगठ्याने टेप दाबत दाबत टेबल मोजलं.

"चारी बाजूंनी वीतभर लोंबू दे हो," आई म्हणाली. "बरं दिसतं."

"टेबलाला कापड हवंय, झगा नको. कापडाचा भाव माहीत आहे? सगळीकडे एक-एक बोट पुरे. माप चोख असलं की कापड वाया जात नाही."

"निदान लांबीला तरी थोडं जास्त घ्या. ऐका माझं."

"का?"

आईने मशीनचा खण आत लोटला. मग म्हणाली, "काही नाही."

टेबलक्लॉथ दुकानातूनच कडा शिवून आला तो जेवणाच्या आदल्या दिवशी दुपारी. फिका निळा, छान होता. बाबांनी तो झटकून पसरला, आणि तो लांबीला चार बोटं कमी पडला.

बाबांनी तो इस्त्रीच्या डागाकडे ओढला. कात्रीचे चरे उघडे पडले. आईने आपल्याकडे ओढला. डाग उघडा पडला.

"आधी तुझे चरे झाकायचे की माझा डाग?"

"माझे चरे कामाचे आहेत," आई म्हणाली. "भांडणाचे नाहीत."

"कापडवाल्याने मापात मारलं! मला! त्याच्या दुकानाला टाळं नाही लावलं तर बघ."

"अहो, मी जोड लावून देते ना. अर्ध्या तासाचं काम."

"ठिगळ? दादा ठिगळ बघेल आणि डाग परवडला म्हणेल." बाबांनी कापड बगलेत मारलं, पुरावा म्हणून टेप खिशात घातली आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. (मला चारचौघांत बोलता येत नाही. असा साक्षीदार कोणालाही परवडतो.)

दुकानात गर्दी होती. बाबांना गर्दी हवीच होती.

"मीटरमागे किती चोरता?" त्यांनी दारातूनच विचारलं.

दुकानदार चिडला नाही, हे वाईट चिन्ह होतं. त्याने कापड गल्ल्याशेजारी पसरलं आणि लोखंडी पट्टीने सगळ्यांसमोर मोजलं. बाबांनी कागदावर लिहून दिलं होतं तेवढंच भरलं.

"मग पट्टी खोटी आहे," बाबा म्हणाले.

दुकानदाराने पट्टी उलटी केली. "साहेब, हा शिक्का कोणी मारला? गेल्याच महिन्यात? मी चहासुद्धा पाजला होता."

शिक्का बाबांचाच होता. बाबांनी तो वाकून बघितला, चष्मा काढून बघितला, पुन्हा घालून बघितला. आता पट्टी खोटी म्हणावं तर बाबा खोटे, आणि खरी म्हणावी तर—

"ती टेप द्या बघू," एक म्हातारी गिऱ्हाईक बाई म्हणाली.

दुकानदाराने टेप पट्टीला लावली. टेपेचा मीटर पट्टीच्या मीटरच्या पुढे तीन बोटं जाऊन संपला. वर्षानुवर्षं ओढून ओढून टेप ताणली गेली होती. आमच्या घरातला मीटर जगातल्या मीटरपेक्षा मोठा होता.

"साहेब, हिच्यावर शिक्का कोणाचा?" दुकानदाराने विचारलं. हसायला मग कोणी बाकी राहिलं नाही. शेवटी मीसुद्धा हसले, तेवढं मात्र बाबांना दिसलं.

घरी येऊन बाबांनी टेप आईसमोर धरली. "ही खोटी आहे, माहीत होतं तुला?"

"कधीपासून. मीटरमागे तीन बोटं धरते मी. नाहीतर लोकांचे कपडे अंगाला बसले असते का?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मापाचं तुम्हाला कोण सांगणार?" आई म्हणाली आणि टेप गुंडाळून खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बेत असा ठरला. चरे लांबवर पसरलेले, म्हणून कापड त्या टोकाला ओढायचं. डाग पाच बोटं रुंद, ताटाखाली मावणारा, म्हणून त्यावर ताट ठेवायचं. आणि ताटामागे मी बसायचं.

"काहीही झालं तरी ताट हलवायचं नाही," बाबा म्हणाले. अख्ख्या घराची अब्रू माझ्या ताटाखाली होती.

जेवण चांगलं झालं. काका मोठ्या घराबद्दल बोलले, काकू मोठ्या घरातल्या फरशीबद्दल. मग सगळ्यांची ताटं उचलली गेली आणि माझं राहिलं.

"झालं ना गं तुझं?" काकू म्हणाली.

"मला... अजून भात हवाय."

आईने वाढला. मी खाल्ला. पुन्हा मागितला. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "पोरगी बोलत नाही, पण खाते बरं का!" बाबा मोठ्याने हसले. माझ्या घशाशी आलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी भात चिवडत होते.

"पुरे आता," काकू म्हणाली. "आणि या वयात ताट स्वतःचं स्वतः उचलावं. शिकवलं नाही का आईने?" असं म्हणून तिनेच ते उचललं.

काकांनी डागावरून हळूच बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, जणू इस्त्री आत्ताच उचलली होती.

"सांभाळायला दिलं होतं," ते म्हणाले. "इस्त्री करायला नव्हे."

"दादा, ते चुकून..."

"तुझं सगळं चुकूनच होतं. टेम्पो पाठवतो." मग त्यांनी टेबलाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आमच्या हॉलमध्ये दोन खांबांच्या मधे बसायला हवं. टेप आहे का रे घरात?"

बाबांनी तोंड उघडलं.

"आहे ना, भावजी," आई म्हणाली. तिने खणातली टेप काढून काकांच्या हातात दिली आणि बाबांकडे बघितलं. नुसतं बघितलं.

बाबांनी तोंड मिटलं. (दुधाच्या पेल्यालासुद्धा माफ न करणारे माझे बाबा.) काकांनी टेबल मोजलं, आकडा दोनदा पुटपुटला आणि म्हणाले, "बसतंय. अगदी बेताचं बसतंय."

टेम्पो आला, टेबल गेलं. फरशीवर चार पायांचे चार फिके चौकोन राहिले. पण पुढचे दोन दिवस आई आणि बाबा एकमेकांकडे बघून हसत होते. असं आमच्याकडे कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

"खांबांना अडलं असेल आता," बाबा म्हणायचे.

"दोन मीटरला सहा बोटं," आई म्हणायची.

"परत पाठवावंच लागेल. भाडं दादाच भरेल."

तिसऱ्या दिवशी काकूचा फोन आला. बाबांनी ऐटीत उचलला. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"अहो, टेबल आत जाईचना! सहा बोटं जास्त भरलं. मग सुतार बोलावला आणि ती जळकी बाजूच कापून टाकली. डागही गेला, टेबलही बसलं. तो तुकडा ठेवलाय तुमच्यासाठी. इस्त्री टेकवायला होईल."

बाबा भिंतीला टेकले.

"आणि एक राहिलंच. तो तुमचा निळा टेबलक्लॉथ, तुम्हाला आता काय कामाचा? पाठवून द्या ना."

आईने तो घडी करून, कागदात गुंडाळून दिला. संध्याकाळी पुन्हा काकूचा फोन. टेबलक्लॉथ घातला, म्हणे, आणि असा बसला की बघत राहावं. दोन्ही टोकांना बरोबर एक-एक बोट.

बाबांनी फोन ठेवला. आई फरशीवर गुडघे टेकून कोणाचा तरी सदरा कापत होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि छाती काढून म्हणाले, "बघितलंस? माझं माप बरोबर होतं."

आईने मान वर केली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून काढल्या, आणि मग ती बाबांना जे म्हणाली ते मी शब्दाला शब्द सांगणार आहे, कारण ते ऐकून बाबा तडक बाजारात गेले आणि नवी टेप घेऊन आले, जिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने... आले गं आई! धरते टोक, आले! तर आई त्यांना म्हणाली, की... हो गं, आलेच!